अवयव प्रत्यारोपण, खर्च आणि मेडिक्लेम : तुमचे अनुभव लिहा

सुमेधा_ठाणे
काल शेजारच्या वहिनी मेडिक्लेमची फाईल घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांना सासूबाई किडनी देणार आहेत. ते कागद चाळताना भावाचं आजारपण जसंच्या तसं आठवलं. त्याला आईनं किडनी दिली. पॉलिसीत दात्याचं ऑपरेशन होतं, पण आईच्या आधीच्या तपासण्या, क्रॉसमॅच, सीटी अँजिओ, नंतरचं फॉलोअप, सगळं खिशातून. रूम रेंटची अटही नीट वाचा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की नुसत्या भाड्याला नाही, सर्जनची फी, ओटी यांनाही बहुतेक पॉलिसींत त्याच प्रमाणात कात्री लागते.
ऑपरेशनला पैसे उभे राहतात हो, नातेवाईक धावून येतात. पण शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधं जन्मभर घ्यायची असतात आणि मेडिक्लेमचा डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींत 60 किंवा 90 दिवसांत संपतो. पुढच्या औषधांची तजवीज आधी करा, मग ऑपरेशनची तारीख घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. तुम्ही कसं जमवलंत?

कोकणची_माई
आई कशा आहेत गं आता?

सुमेधा_ठाणे
ठणठणीत, माई. रोज दत्ताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येते.

विदर्भवासी
बाबांचं नाव किडनीसाठी नागपूरच्या झेडटीसीसीत, म्हणजे मृत दात्यांचे अवयव प्रतीक्षायादीनुसार देणाऱ्या केंद्रात, घातलंय. फोन रात्री दोनलाही येऊ शकतो, तेव्हा कॅशलेसची मंजुरी कोण देणार? म्हणून डिपॉझिटची रक्कम एफडीत न अडकवता बचत खात्यात ठेवलीय. डायलिसिस चालू आहे. पाणी मोजून, त्याचाच त्यांना फार त्रास होतो.

कोकणची_माई
बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या त्यांना. आमचे हे तसंच करायचे. तो पण पाण्यात धरायचा हं.

शिरूरकर
मावसभावाचं ऑपरेशन राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं. किडनीसाठी मर्यादा अडीच लाख होती, 2023 मध्ये साडेचार केली. अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच होतं, तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) गाठा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी फार पळापळ होते.

मीनल_पी
मी नवऱ्याला दिली. केंद्राच्या नोकरीत दात्याला 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, 2023 पासून. माझा पगार चालू राहिला. नणंदेनं तिच्या लेकाला दिली, ती घरी शिवणकाम करते. मशीन बंद तर पैसे बंद. तिचा बुडालेला रोज कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. तुमच्याकडेही बायकाच दाता आहेत ना बहुतेक?

कोकणची_माई
बायकाच गं. आणि पंधरा दिवसांत पोळ्या लाटायला उभ्या!

सुमेधा_ठाणे
मीनल, नणंदेला सांग, वजन उचलू नकोस म्हणावं. आईला कितीतरी आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नव्हती.

अभय_नाशिक
विषय थोडा वेगळा. शुगर, बीपी असेल तर पॉलिसी काढताना लपवू नका. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. सलग 5 वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. हप्ता चुकवू नका, बस्स.

विदर्भवासी
धन्यवाद दादा. बाबांची शुगर फॉर्मवर लिहिलेली आहे, आताच बघितलं.

शिरूरकर
रेल्वेत किडनीच्या रुग्णाला डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना स्लीपरला 75 टक्के सवलत असते, सोबतच्या एकालाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट ठरलेल्या नमुन्यातच लागतं.

मीनल_पी
टॅक्रोलिमसचं जेनेरिक कोणी घेतं का? महिन्याचं बिल बघून घाबरायला होतं.

सुमेधा_ठाणे
भाऊ घेतो, पण नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारून. परस्पर ब्रँड बदलू नकोस हं मीनल, बदलला की रक्तातली लेव्हल पुन्हा तपासावी लागते. कमी पडली तर शरीर किडनी नाकारू शकतं. कुकर लावलाय, बाकी रात्री लिहिते.