भाड्याच्या खोलीत पूर आला, पंचनाम्यात नाव मालकाचं. रहिवासाचा पुरावा काय धरतात?

नमस्कार. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. मिस्टर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात, मी घरी शिवणकाम करते. २०२१ च्या पुरात सूर्यवंशी प्लॉटात भाड्यानं होतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा आमच्या खोलीत पंख्याला लागलं होतं. शिलाई मशीन, गव्हाचं पोतं, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. आम्ही छावणीत होतो. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला मालक हजर होते, आम्ही दोन दिवसांनी पोचलो. नाव त्यांचं लागलं, पैसेही त्यांच्याच खात्यावर. म्हणाले, "घर माझं, घरपट्टी माझी." कार्यालयात गेले तर रेशनकार्ड बघून सांगितलं, मदत गावाकडं मागा. माणमध्ये कुठला पूर? तिथं टँकर चालतात.

आता काकानगरात खोली आहे. करार तोंडी, लाईट बिल मालकाच्या नावावर. एक जण म्हणाला १५ वर्षांचा रहिवास लागतो. आम्हाला सांगलीत सातच झालीत. जूनच्या आत काय करून ठेवू?

निवृत्त महसूल कर्मचारी

ताई, १५ वर्षं लागतात ती अधिवास दाखल्याला. तीही महाराष्ट्रातली, आणि माणही महाराष्ट्रातच आहे. पुराच्या मदतीशी त्याचा संबंध नाही. इथं एवढंच बघायचं असतं की पाणी शिरलं त्या दिवशी त्या घरात चूल कोणाची पेटत होती.

घराच्या पडझडीचे पैसे मालकाचे. कपडे, भांडी आणि सानुग्रह अनुदान मात्र तिथं राहणाऱ्या कुटुंबाचं. २०१९ ला शहरात कुटुंबामागं १५,००० आणि गावात १०,००० रुपये होते, त्यातले ५,००० रोख. ते घरपट्टीवर मिळत नव्हते. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच नावावर गेलं, हा अन्यायच झाला.

यापुढं पाणी उतरलं की घरातलं एकानं तरी पंचनाम्याला थांबायचंच. चिखल काढायच्या आधी फोटो घ्या. पंच म्हणून सही करणाऱ्या शेजाऱ्याला सांगून राहणाऱ्या कुटुंबात तुमचं नाव लिहून घ्या. चुकामूक झाली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही वजन नसतं, हे मी आतून बघितलंय.

शामरावनगरातला भाडेकरू

सगळ्यात आधी करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे दरडावून सांगू नका, खोली जाईल. नोंदणीचा खर्च निम्मा आम्ही देतो म्हणा. माझं असंच जमलं.

नोंदलेल्या करारावर आधारचा पत्ता बदलतो. मग गॅसचं पुस्तक, बँक. पोरांचा बोनाफाईडही जवळ ठेवा. आणि रेशनकार्ड इकडं आणाच. धान्य आता कुठल्याही गावात मिळतं म्हणून आपण कार्ड तिकडंच ठेवतो, आणि पुरात नेमकं तेच नडतं.

गावभागातला घरमालक

आम्ही मालक घाबरतो ते भाडेकरू ठाण मांडेल म्हणून. पण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स नोंदला की मुदत कागदावर येते, म्हणजे संरक्षण आमचंही होतं. हे तुमच्या मालकांना सांगा, ताई. २०१९ ला माझ्या वाड्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांना मी राहतात म्हणून लिहून दिलं होतं. भांडी त्यांची वाहून गेली होती, माझी नाही.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मालकांकडं जाते, निम्म्या खर्चाचंच बोलते. एक राहिलं. गावच्या कार्डावर सासू-सासरेही आहेत. कार्ड इकडं आणलं तर त्यांचं धान्य बंद होईल का?

निवृत्त महसूल कर्मचारी

अख्खं कार्ड हलवू नका. तिथल्या तहसीलमधून फक्त तुमच्या चौघांची नावं कमी केल्याचा दाखला घ्या आणि त्यावर इथं नवीन कार्ड काढा. सासू-सासऱ्यांचं कार्ड तसंच राहतं.