सर्वो ताकदवान नव्हे, योग्य हवा

दुपारी खारे वारे सुटले की विमान हेलकावे खाते, म्हणून किनाऱ्यावर उडवायच्या, स्वतः घरी बांधलेल्या विमानाला सर्वांत ताकदवान सर्वो (ऑटोपायलटच्या आज्ञेने विमानाची नियंत्रणे हलवणारी मोटर) बसवावा, असे मत या चर्चेत एका सदस्यांनी मांडले आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. ऑटोपायलट बिघडल्यास वैमानिकाला हाताच्या जोराने सर्वोवर मात करता आली पाहिजे, आणि सर्वो जितका बळकट तितके ते अवघड होते. डायनॉन या विमान-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे सर्वो 36, 55 आणि 72 इंच-पौंड इतक्या पिळाच्या जोराचे (टॉर्कचे) मिळतात. हलक्या दोन आसनी विमानाला अनेकदा पहिलाच पुरतो. हवेत खळबळ असताना तर स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) स्वतः हाती घेणेच बरे.

खरी काळजी जोडणीची घ्यावी. सर्वोची फिरणारी भुजा आणि तिला नियंत्रणांशी जोडणारा जोडदांडा एका सरळ रेषेत आले, तर भुजा पलीकडे उलटून नियंत्रणे जागीच अडकू शकतात. म्हणून स्टिक चारही टोकांपर्यंत नेऊन, दुसऱ्या माणसाला प्रत्यक्ष भुजेकडे पाहायला लावून, भुजा आणि जोडदांडा यांच्यातला कोन जमिनीवरच तपासावा. ऑटोपायलट नियंत्रणांपासून सोडवण्याचे बटण स्टिकवरच असावे, आणि सर्वोचा वीजपुरवठा बंद करणारा वेगळा स्विचही हाताशी हवा.

राहता राहिली आपल्याकडची खारी हवा. रत्नागिरीत खिडकीचे गजसुद्धा ती सोडत नाही, तेव्हा सर्वोच्या विद्युतजोडण्या उघड्या ठेवू नयेत आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर त्या उघडून पाहाव्यात. चुंबकीय दिशादर्शक मात्र लोखंडी भागांपासून दूर बसवावा, आणि त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) हँगरच्या पत्र्यांपासून लांब, मोकळ्या जागी करावे.