मदत हवी आहे: युद्धात ताटातूट झालेल्या जोडप्यांच्या कादंबऱ्या सुचवा ना

सध्या मला युद्धामुळे ताटातूट झालेल्या नवरा-बायकोच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं अक्षरशः वेड लागलंय. काल रात्री दुसऱ्या महायुद्धावरची एक संपवली, त्यात तो आघाडीवरून पत्रं पाठवतो आणि सेन्सॉरने गावांची नावं काळी केलेली असतात (तेव्हा खरंच तसं व्हायचं) तर ती पत्र दिव्यासमोर धरून शाईखालचं एखादं अक्षर लागतंय का बघत बसते, तिथे मला रडूच आलं. आता असंच अजून हवंय. १९१४-१८ चा काळही चालेल, फक्त लढायांपेक्षा वाट बघणं जास्त असावं आणि तो परत आल्यावर दोघं एकमेकांना अनोळखी वाटतात तो भाग घाईत उरकलेला नको, खरी गोष्ट तिथेच असते. शेवट दुःखी असला तरी चालेल. मराठी अनुवाद असेल तर उत्तमच. प्लीज सुचवा.