ब्रश रनअबाउट: लाकडी ॲक्सलमुळे कंपनी बुडाली का?

सांगली_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ब्रश रनअबाउट या छोट्या उघड्या अमेरिकन मोटारीचं पाव आकाराचं चालतं मॉडेल करायचंय. डेट्रॉईटची ही गाडी १९०७ ला आली आणि १९१३ पर्यंत संपलीही. एक सिलिंडर, फ्रेम लाकडी, ॲक्सलही, म्हणजे चाकं धरणारा आडवा दांडाही, लाकडी. कंपनी त्या ॲक्सलमुळेच बुडाली का? आणि इथे ते कुठल्या लाकडात करावेत? वखारीत सागवान सहज मिळतंय.

मिरजेचा_लेथ
सागवान फ्रेमला वापरा, ॲक्सलला नको. मूळ गाडीत ओक, हिकरी, मेपल असायचं. हादरे सोसायला आपल्याकडे बाभूळच; बैलगाडीची चाकं तिचीच होतात. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, मधे गाठ आली तर तुकडा बाजूला टाका. एक इंच जाडीला साधारण वर्षभर वाळवण लागते, म्हणून नवं ओलं लाकूड घेऊ नका, जुन्या गाडीचं शोधा. स्प्रिंग बसवायला ॲक्सलच्या मधोमध भोक पाडू नका, तिथूनच चीर जाते. लोखंडी पट्टा आवळा. दोन्ही टोकं मेणानं बंद करा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल शिरते.

कराड_जुन्या_गाड्या
ॲक्सलला दोष देणं अन्याय आहे. १९१२ मध्ये फ्रान्सिस बर्टल्स आणि सिड फर्ग्युसन हीच गाडी घेऊन फ्रीमँटलहून सिडनीला पोचले, अख्खं ऑस्ट्रेलिया पार करून. कंपनी गेली ती पैशापायी. १९१० मध्ये उद्योजक बेंजामिन ब्रिस्कोनं ब्रश, मॅक्सवेल, कोलंबिया वगैरे कंपन्या युनायटेड स्टेट्स मोटर कंपनीत गोळा केल्या. तो डोलारा १९१२ ला कोसळला, त्यातून मॅक्सवेल तेवढी तरली. शिवाय १९०८ ला ८५० डॉलरची फोर्ड मॉडेल टी १९१३ पर्यंत ६०० वर आली होती, तीही चार सिलिंडरची. ब्रशनं ३५० डॉलरची लिबर्टी काढली, पण एका सिलिंडरसाठी कोण थांबणार?

खरी करामत या गाडीचा रचनाकार ॲलन्सन ब्रश याच्या इंजिनात आहे. थरथर मारायला गिअरवर उलट फिरणारा वजनी शाफ्ट बसवला होता. तो क्रँकच्याच (पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) वेगानं फिरला पाहिजे, म्हणजे दोन्ही गिअरचे दात सारखे. जोडताना खुणा जुळवा. एक दात जरी चुकला तरी वजनं वेळेवर समोरासमोर येत नाहीत आणि थरथर उरते.

आणखी एक: हे इंजिन इतरांच्या उलट्या दिशेनं फिरायचं, उजव्या हातानं हँडल मारणाऱ्याला धोका कमी व्हावा म्हणून. मॉडेलमध्ये इंजिनाऐवजी तयार मोटार लावणार असाल तर आधी तिची दिशा तपासा, नाहीतर पहिला गिअर टाकताच मॉडेल मागे जाईल.