वळणावर बेल्टची बाहेरची कड तुटतेय

प्रश्न: नाशिकला फरसाण पॅकिंगसाठी ४०० मिमी रुंद प्लॅस्टिक मॉड्युलर बेल्टचा (छोटे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, पिनांनी जोडून केलेला पट्टा) कन्व्हेयर, म्हणजे माल पुढे नेणारं यंत्र, मीच डिझाइन केला. ३ मीटर सरळ, ९० अंश वळण, मग ८ मीटर सरळ, शेवटी मोटर. जागेअभावी वळणाची आतली त्रिज्या ६०० मिमी ठेवली. दोन महिन्यांत बाहेरच्या कडेचे मॉड्यूल तुटू लागलेत. फार जीव लावून केलेलं काम आहे. बेल्ट आणखी रुंद घेऊ का?

उत्तर: रुंद अजिबात नको! सरळ भागात ओढ पूर्ण रुंदीवर वाटली जाते. वळणावर आतली कड मिटते (पिनेची भोकं त्यासाठीच लांबट असतात) आणि सगळी ओढ एकट्या बाहेरच्या कडेवर येते. साध्या रेडियस बेल्टला (वळण घेऊ शकणाऱ्या बेल्टला) आतली त्रिज्या रुंदीच्या साधारण २.२ पट लागते. म्हणजे तुम्हाला ८८० मिमी हवी.

दुसरं उत्तर: वळण मोटरपासून लांब ठेवलंत, हे उत्तम. पण वळणाच्या आतल्या पट्टीचं (बेल्टची आतली कड जिच्यावर घासते ती) घर्षण बघा. घर्षणांक ०.२ असेल तर ९० अंशांत ओढ १.३७ पट होते. तेल-बेसन चिकटून ०.४ झाला की १.८७ पट. पट्टी रोज पुसायला सांगा.

प्रश्नकर्ता: ८८० त्रिज्या घेतली तर खांब आडवा येतो. ३०० रुंदी चालेल?

पहिले उत्तरदाते: त्यालाही ६६० त्रिज्या लागेल. ६०० त्रिज्येत २७० रुंदीपर्यंतच.