प्रशिक्षणाची छोटी विमानं पडतात ती यंत्रामुळे की घाईमुळे?

उजळाईवाडीकर
बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात 'पायलट व्हायचंय' म्हणणारी मुलं हल्ली गल्लोगल्ली भेटतात, आणि घरोघरी एकच वाद सुरू होतो: "ते दोन सीटचं डबडं, त्यात पोरीला बसवायचं?" माझ्या बहिणीकडे सध्या तेच चाललंय. भाचीला बेळगावला किंवा बारामतीला घालायचं की नाही, यावर घर दोन बाजूंना वाटलं गेलंय. म्हणून माझं मत मांडतो.

सेस्ना १५२, १७२, पायपर, डायमंड ही विमानं नवशिक्याच्या चुका पोटात घालतील अशीच बनवलेली आहेत. १७२ हे विमान ताशी ९० किलोमीटरच्या आत उतरतं. इंजिन बंद पडलं तर एक किलोमीटर उंचीवरून आठ-नऊ किलोमीटर तरंगत जातं. जुलै २०२२ मध्ये इंदापूरजवळ कडबनवाडीत सेस्ना १५२ शेतात पडलं. एकटी उडणारी प्रशिक्षणार्थी जखमी झाली, पण वाचली. शिकताना होणारे बहुतेक अपघात उतरतानाचे असतात: विमान उसळतं, धावपट्टी सोडतं, पुढचं चाक मोडतं. माणसं दार उघडून चालत बाहेर येतात.

जीव जातो तो दुसरीकडे. उतरण्यापूर्वी बेसवरून (धावपट्टीला काटकोनातली वाट) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेघेतली शेवटची वाट) वळताना विमान धावपट्टीची रेघ ओलांडून पुढे जातं. शिकाऊ पायलट घाबरून वळण आवळतो, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) जास्त दाबतो, नाक वर ओढतो. ४५ अंश कलंडून उंची टिकवायला गेलं तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो वेग) १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. वेग तोच, पण पंख उचल सोडून देतो, एक बाजू आधी कोसळते आणि स्पिन (गोल गोल फिरत कोसळणं) सुरू होते. सेस्नाच्या मॅन्युअलप्रमाणे स्पिनचा एक फेरा घेऊन सावरायला साधारण १००० फूट लागतात. सर्किटची (उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या फेरीची) उंचीच मुळात १००० फूट, आणि फायनलच्या वळणावर तर त्याहून खाली आलेलो असतो. यात यंत्राचा दोष मला दिसत नाही. हे वळण शांतपणे, पुन्हा पुन्हा न शिकवण्याचा दोष आहे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
दादा, स्टॉलचं गणित बरोबर आहे, पण यंत्राला तुम्ही फार लवकर निर्दोष सोडलंत. आयुष्य धातूत गेलंय, म्हणून बोलतो.

एप्रिल २०१८, अमेरिकेतलं डेटोना बीच. एका नामांकित विमान विद्यापीठाचं पायपर ॲरो टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) करून वर चढत असताना पंख तुटून वेगळा झाला. परीक्षक आणि विद्यार्थी दोघेही गेले. ते विमान २००७ चं होतं, म्हणजे भंगार अजिबात नव्हतं. तपासात स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) बोल्टच्या भोकापाशी फटीग क्रॅक (वारंवार ताण पडून गेलेला तडा) सापडला. कारण काय, तर प्रशिक्षणातलं काम: दिवसभर कमी उंचीवर, गरम हवेच्या धक्क्यांत, उतर-चढ, उतर-चढ. तासांच्या मानाने लोडच्या आवर्तनांचा मार कितीतरी जास्त. पुढे अशा पायपरच्या बोल्ट-भोकांची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने लपलेला तडा शोधणं) सक्तीची झाली. आमच्याकडे नांगी टाकलेला पार्ट डोळ्यांना चकचकीत दिसतो आणि तपासणीत क्रॅक सापडतो. तिथेही तेच झालं.

सेस्ना १५२ चं उत्पादन १९८५ ला थांबलं. म्हणजे आज उडणारं प्रत्येक १५२ चाळिशीत आहे. जुन्या सेस्नात सीट रुळावरून मागे सरकण्याचा दोष इतका गाजला की १९८७ मध्ये रुळांच्या तपासणीचा हुकूम काढावा लागला. टेकऑफला सीट मागे गेली की माणूस हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) धरूनच मागे जातो, नाक वर होतं, आणि तुमचा तो स्टॉल तिथेच होतो. अहवालात मात्र 'पायलटचं नियंत्रण सुटलं' असंच येणार.

उजळाईवाडीकर
डेटोनाचं उदाहरण मान्य. पण ते गाजलं ते दुर्मीळ म्हणूनच. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली ती टेक्नम बनावटीची होती, १९८० सालची नव्हती. तिथे वयाचा मुद्दा लागू होत नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
वयाचा नसेल, निगेचा आहे. त्यानंतर डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) त्या विमानांच्या संस्थेचं उड्डाण काही काळ थांबवलं ते उगाच नव्हे. नवं यंत्रसुद्धा देखभालीवरच जगतं.

सांबऱ्याचे निवृत्त काका
बरीच वर्षं उजव्या सीटवर बसून शिकवलंय. तुम्ही दोघेही हवा विसरलात.

उजळाईवाडीची (कोल्हापूर विमानतळाची) उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट, सांबऱ्याची (बेळगाव विमानतळाची) २४०० च्या वर. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८ वर गेला की उजळाईवाडीत विमानाला वाटतं आपण ५००० फुटांवर आहोत. हवा विरळ, इंजिनची ताकद कमी, प्रोपेलरची पकड कमी, धाव लांब, चढ मंद. दोन भरल्या अंगाची माणसं आणि पूर्ण टाक्या घेऊन १५२ त्या वेळी अक्षरशः सरपटत चढतं. समोर टेकडी आली आणि वळायचा मोह झाला की संपलं. वळिवाच्या ढगाखालून उतरणारा वारा तर अनुभवी माणसालाही दाबतो.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर २५ अंश असताना बर्फ कसला, असं नवख्याला वाटतं. पण पेट्रोलचं बाष्प होताना आत तापमान २० अंशांनी आणि त्याहूनही जास्त घसरू शकतं. दमट हवेत, थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना बर्फ धरतो. इंजिनची घरघर बदलते आणि आरपीएम हळूहळू पडतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) वेळेवर ओढली तर काही होत नाही. उशीर झाला तर इंजिन बंद. मग याला यंत्राचा दोष म्हणायचं, हवेचा, की शिकवणाऱ्याचा? माझ्या मते शिकवणाऱ्याचा. मे महिन्यात पहाटे उडवा, दुपारी वर्ग घ्या, हे ठरवणंही त्याच्याच हातात असतं.

कळंब्याची आई
काका, शिकवणाऱ्याच्या हातात असतं असं म्हणता, तिथेच माझं दुखणं आहे. माझा मुलगा आत्ताच सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करून आला. संस्थेचं नाव घेत नाही. पैसे आधी भरून घेतले, आणि मग विमान दुरुस्तीला, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, हवा खराब, असं म्हणत महिनोन् महिने पोरं होस्टेलवर बसून. सीपीएलला २०० तास लागतात. मधे खंड पडला की हात विसरतो. आणि विमान मोकळं झालं की 'तास उरकून घ्या' म्हणून दिवसात जमेल तितकं उडवायचं. थकलेला इन्स्ट्रक्टर, थकलेला मुलगा. फायनलचं ते वळण अशाच संध्याकाळी चुकतं.

जुलै २०२१ मध्ये चोपड्याजवळ सातपुड्यात विमान पडून इन्स्ट्रक्टर गेले, विद्यार्थिनी जखमी झाली. मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसीहून निघालेलं डायमंड बालाघाटच्या डोंगरात पडलं, त्यात दोघेही गेले. डायमंडची रचना याच वर्गात सगळ्यात सुरक्षितांपैकी मानली जाते ना, उजळाईवाडीकर? डोंगरावर आदळल्यावर ती रचना काय करणार? म्हणून 'विमान सुरक्षित आहे' हे वाक्य आईबापांना सांगूच नका. कोणत्या संस्थेत, कोणाच्या हाताखाली, कोणत्या ऋतूत, तेवढं सांगा.

उजळाईवाडीकर
ताई, तुमचं म्हणणं पटलं, आणि माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. अमेरिकेत छोट्या खासगी उड्डाणांत दर १ लाख तासांमागे साधारण १ प्राणघातक अपघात होतो. त्यातही प्रशिक्षणाचं प्रमाण हौशी उडणाऱ्यांपेक्षा कमी आहे, कारण शेजारी लक्ष ठेवणारा माणूस असतो. तोच माणूस थकलेला, नवखा किंवा तासांच्या मागे लागलेला असेल तर हा फायदा नाहीसा होतो. २०२५ मध्ये डीजीसीएने संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. पालकांनी फी विचारण्याआधी ही यादी बघावी.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
यादी बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. भाचीला घेऊन स्वतः जा आणि हँगर दाखवा म्हणा. शंभर तासांची तपासणी कोण करतं, सही करणारा इंजिनिअर तिथेच असतो की फिरता, इंजिन पूर्ण खोलून नवं करण्याआधीच्या २०००-२४०० तासांपैकी किती झाले, सीटचे रूळ कधी मोजले, खांद्याचे पट्टे आहेत का (१९७८ आधीच्या विमानांत ते सक्तीचे नव्हते), सगळं विचारा. लॉगबुक दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे पोर ठेवू नका. प्रशिक्षणाचं महत्त्व मी नाकारत नाही, पण यंत्राला 'चुका पोटात घालणारं' म्हणून मोकळं सोडणं मला अजूनही मान्य नाही.

सांबऱ्याचे निवृत्त काका
त्यात एक भर घाला. इन्स्ट्रक्टरला विचारा, "आज हवा बरी नाही" म्हणून शेवटचं उड्डाण कधी रद्द केलंत? ज्याला लगेच आठवतं त्याच्याकडे घाला.