मदत हवी आहे: चुका पोटात घालणारी गोल्फची वेज घ्यावी की खिशाला परवडणारी?

बोगीबाज

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फचा धागा काढताना जरा धाकधूक आहे, पण दोन-चार गोल्फर तरी मुकाट्याने वाचत असतात अशी खात्री आहे. त्यांनी कृपया पुढे यावं.

पुण्यात खेळतो, हँडिकॅप २२ (म्हणजे हौशीच), शनिवार-रविवारी सकाळीच काय तो वेळ मिळतो. ड्रायव्हरबद्दल (लांब पल्ल्याच्या क्लबबद्दल) रडगाणं नाही, तो जातो तिकडे जातो. खरा घोटाळा शंभर यार्डांच्या आत आहे, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचा, वेजचा. तिचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) जितके डिग्री जास्त कललेला, तितका चेंडू उंच आणि जवळ. माझ्या आयर्न सेटमधली पिचिंग वेज ४४ डिग्रीची, पूर्ण मारली की १०५ यार्ड. त्यानंतर थेट ५६ डिग्रीची सँड वेज, ती ७० जाते. ही सासऱ्यांची, ते फौजेत होते तेव्हाची. सपाट पाठीची ब्लेड, अरुंद सोल (तळ), बाउन्स (तळाचा कोन) ८, आणि फेसवरच्या ग्रूव्हवरून (खाचांवरून) नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. ८५-९० यार्ड उरले की कॅडी माझ्याकडे न बघताच पिचिंग वेज पुढे करतो. मग अर्ध्या स्विंगच्या नादात एकतर चेंडूच्या मागची माती उडते, नाहीतर चेंडू ग्रीन (होलभोवतीचं गवत) ओलांडून पलीकडच्या वाळूच्या बंकरमध्ये.

भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय. त्याच्याकडून नव्या वेज मागवायच्या आहेत. क्लबात ज्याच्या बॅगेत बघावं त्याच्याकडे टायटलिस्ट कंपनीची व्होकी वेज. देखणी आहे, हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही. पण तिच्या एसएम १० मॉडेलची तिकडची किंमत २०२४ ला आलं तेव्हाच १८९ डॉलर होती, तीन घेतल्या तर पन्नास हजारांच्या घरात. दुसरीकडे क्लीव्हलँडची सीबीएक्स ४ सारखी कॅव्हिटी बॅक (पोकळ पाठीची) वेज, जी म्हणे आमच्यासारख्यांसाठीच असते. तिसरा पर्याय वापरलेल्या वेजचा. बजेट सगळं मिळून तीस हजार, घरात पंचवीस सांगितलंय.

तर कॅव्हिटी बॅकने खरंच फरक पडतो का, की ती नुसती जाहिरात? आणि तीन वेज लागतातच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गवतातला_चेंडू

आधी तीन गोष्टी सांगा. चेंडूच्या मागे जमीन जास्त लागते, की चेंडू फेसच्या टोकाला जास्त लागतो? चेंडू कोणता वापरता? आणि सेटचे शाफ्ट (दांडे) स्टीलचे की ग्राफाइट? याशिवाय कोणी ब्रँड सुचवत असेल तर तो स्वतःच्या बॅगेचं समर्थन करतोय असं समजा.

बोगीबाज

जमीन. दहातले सात वेळा जमीन. चेंडू दोन पीसचा (दोन थरांचा), कडक, कारण हरवतो. शाफ्ट हलके स्टील, ९५ ग्रॅमच्या आसपास.

सोलापुरी_सोल

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

कॅव्हिटी बॅकमध्ये पाठीकडचं वजन काढून कडेला नेलेलं असतं. त्यामुळे चेंडू मध्यभागी न लागता टोकाकडे किंवा टाचेकडे लागला तर हेड कमी वळतं आणि अंतर कमी बुडतं. हे खरं आहे, जाहिरात नाही. पण हा फायदा दिसतो तो पूर्ण स्विंगला. वीस यार्डांच्या चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) हेडचा वेग इतका कमी असतो की पाठ पोकळ आहे की भरीव, याने फारसं बिघडत नाही.

जमीन आधी लागते त्यावर इलाज पाठीत नाही, तळात आहे. शाफ्ट सरळ उभा धरला की सोलची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली असते. तो कोन म्हणजे बाउन्स. श्रीखंडात सुरी खुपसली तर रुतते, चमच्याची पाठ वरून सरकते, इतकं साधं आहे. ८ बाउन्स आणि अरुंद सोल असेल तर चेंडूच्या इंचभर मागे लागलं की धार आत जाते आणि शॉट तिथेच संपतो. १२-१४ बाउन्स आणि रुंद सोल असेल तर तोच शॉट घसरत जाऊन चेंडूला लागतो. सुंदर नसतो, पण ग्रीनवर असतो.

अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने १९३० च्या सुमारास हेच केलं. निब्लिक या जुन्या क्लबच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा थर चढवला, मागची कड खाली आणली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन त्या क्लबने जिंकली. आजची सँड वेज तिथून आली. तेव्हा चुका पोटात घालण्याचं काम वेजमध्ये नव्वद वर्षांपासून तळच करतोय.

म्हणून व्होकी विरुद्ध सीबीएक्स अशी तुलनाच करू नका. व्होकीतही ५६ डिग्रीत ०८ बाउन्सची एम ग्राइंड (तळाची घडण) मिळते आणि १४ बाउन्सची एफ ग्राइंडही. नाव एक, पण तुमच्या हातात वागतील दोन वेगळ्या क्लबसारख्या. क्लबातले मित्र नेमकी कोणती ग्राइंड वापरतात ते विचारा. बहुतेकांना माहीत नसेल.

खारघरची_स्नेहल

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण जमिनीचाही विचार करा. मी खारघर व्हॅलीला खेळते. पावसाळ्यात तिथे फेअरवे (मधली गवताची पट्टी) इतका मऊ होतो की कमी बाउन्सची वेज म्हणजे नांगरणी. जून ते सप्टेंबर १४ बाउन्स देवासारखा. पण एप्रिल-मेमध्ये उघड्या कडक लायवर (चेंडू जिथे पडलाय त्या जमिनीवर) हाच रुंद सोल आपटून वर उडतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. पुण्यात उन्हाळा याहून कोरडा, त्यामुळे तुम्हाला हे जास्त जाणवेल.

यावर दोन उपाय. फेस उघडू नका (वर आकाशाकडे वळवू नका), कारण फेस उघडला की बाउन्स आणखी वाढतो. आणि हात थोडे पुढे ठेवा, त्याने बाउन्स कमी होतो. किंवा सासऱ्यांची वेज विकू नका. ८ बाउन्सची ब्लेड मे महिन्यात टणक लायवरून चिप करायला उत्तम. ग्रूव्ह झिजले असले तरी तिथे चेंडू थोडा घरंगळला तर बिघडत नाही.

स्वस्तात_मस्त

वापरलेली घ्या हो. लोक हौसेने नवी घेतात आणि वर्षभरात विकतात. फक्त फोटोत ग्रूव्हच्या कडा आणि फेसचा मधला भाग नीट बघा. तिथे चकचकीत पट्टा दिसला तर ती वेज वाळूत आणि मॅटवर राबलेली आहे. सँड वेजचे ग्रूव्ह सगळ्यात आधी जातात, कारण वाळू घासते. गॅप वेज (पिचिंग आणि सँड वेजच्या मधली) मात्र जुनी मिळाली तरी चालते.

कंपन्या ७५ राउंडनंतर वेज बदला म्हणतात. त्यांचा धंदाच तो. तुमचा चेंडू दोन पीसचा कडक असेल तर नव्या ग्रूव्हचा निम्मा पैसा असाही वाया. मऊ युरेथेन आवरणाचा चेंडू घ्या, ग्रीनवर थांबण्यात जेवढा फरक त्याने पडेल तेवढा वेज बदलून पडणार नाही.

आणि एक, ऑनलाइन कोणी नवीकोरी व्होकी पाच हजारांत देत असेल तर हात जोडून पुढे जा. नकली माल भरपूर आहे.

बोगीबाज

चेंडू मी आठवड्याला डझनभर पाण्यात घालतो हो. युरेथेन परवडणार कसा?

स्वस्तात_मस्त

पाण्याच्या होलला जुना, बाकीच्या ठिकाणी चांगला. फक्त स्पर्धेत एक चेंडू नियम (पूर्ण फेरी एकाच प्रकारच्या चेंडूने) असेल तर बघून घ्या.

एडिसनकर

इकडच्या, अमेरिकेतल्या किमतींबद्दल. व्होकीचं नवं मॉडेल दर दोन वर्षांनी येतं: एसएम ८ २०२० ला, एसएम ९ २०२२ ला, एसएम १० २०२४ ला. नवं आलं की आधीचं, दुकानात पडून असलेलं, पेटीबंद नवं, चांगलं स्वस्त होतं. क्लीव्हलँडचंही तसंच. एका पिढीने मागचं घ्यायला अजिबात लाजू नका. ग्रूव्हची मापं २०१० च्या नियमाने बांधलेली आहेत, त्यामुळे दोन वर्षांत कोणी जादू केली असं होत नाही. लावलेल्या किमतीवर न्यू जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स पडतो, तोही धरा.

भाच्याला सांगा की केबिनमध्ये गोल्फ क्लब नेऊ देत नाहीत. चेक-इन बॅगेतच जाणार. वेज साधारण ३५ इंचांची असते, बॅगेत तिरकी बसते का ते विकत घेण्याआधी मोजायला लावा. एका नातेवाईकाने विमानतळावर आईच्या साड्या काढून क्लब बसवलेला मी पाहिलाय. कस्टम्सची ड्यूटी-फ्री मर्यादाही बघा. त्याच्या बाकीच्या भेटवस्तूही त्यातच मोजल्या जातात.

तात्या_टर्फ

तीस हजारात चांगल्या प्रोकडून (प्रशिक्षकाकडून) ढीगभर धडे होतील. एवढंच म्हणतो आणि जातो.

सोलापुरी_सोल

तात्या बरोबर आहेत, पण ४४ आणि ५६ मधली बारा डिग्रीची दरी कुठला प्रो भरून देणार? ती क्लबनेच भरावी लागते.

बोगीबाज, माझ्या मते दोनच घ्या. ४४, ५०, ५६. सहा-सहा डिग्रीचं अंतर, प्रत्येक क्लबमध्ये साधारण पंधरा-अठरा यार्डांचा फरक येईल, तो तुमच्या हँडिकॅपला पुरेसा आहे. ६० च्या फंदात पडू नका. तिने चेंडू पायाशीच पडतो, किंवा डोक्यावरून जातो.

आता पैसे कुठे घालायचे ते. ५० डिग्री तुम्ही नव्वद टक्के पूर्ण स्विंगने मारणार, नववं आयर्न मारता तसंच. तिथे कॅव्हिटी बॅक घ्या, तिचा खरा फायदा तिथेच आहे. तुमच्याच सेटची गॅप वेज वापरलेली मिळाली तर त्याहून उत्तम, शाफ्टही जुळेल. ५६ मात्र बंकर, चिप, खडबडीत लाय अशी सगळीकडे राबणार. तिथे पाठ कशीही असो, सोल रुंद आणि बाउन्स १२ च्या वर हवा. ग्रूव्हही नवे हवेत, म्हणून ही नवी घ्या.

शाफ्टकडे दुर्लक्ष करू नका. ब्लेड वेजमध्ये बहुतेक वेळा १३० ग्रॅमच्या आसपासचा जड स्टील शाफ्ट येतो. तुमचे आयर्न ९५ चे. मधेच पस्तीस ग्रॅम वाढले की लय बिघडते, आणि लय बिघडली की पुन्हा जमीन. कॅव्हिटी बॅकमध्ये हलका स्टील किंवा ग्राफाइट सहज मिळतो. माझ्या दृष्टीने तुमच्यासाठी हाच कॅव्हिटी बॅकचा मोठा फायदा आहे, वजन कडेला नेण्यापेक्षाही.

खारघरची_स्नेहल

शाफ्टच्या मुद्द्याला हजार वेळा अनुमोदन. मी ग्राफाइट घेतला. क्लबात दोन काकांनी नाक मुरडलं, ते अजून डफ मारतात (आधी जमीन, मग चेंडू).

फिनिशचंही बघा. कच्च्या फेसची वेज इकडच्या दमट हवेत लगेच गंजते. खेळायला काही होत नाही, पण गंजामुळे स्पिन वाढतो ही नुसती समजूत आहे. क्रोम घ्या, टॉवेलने पुसा, झालं. ओल्या फेसवर कुठल्याच ग्रूव्हचं फारसं चालत नाही, म्हणून पावसाळ्यात टॉवेल दोन ठेवा.

बोगीबाज

सर्वांचे मनापासून आभार. एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. दुकानात तर थेट तीन वेजचा संच पुढे केला होता.

ठरवलंय ते असं: माझ्या सेटची गॅप वेज वापरलेली शोधायची. ती ४९ डिग्रीची निघाली. ५६ ला मागच्या पिढीची कॅव्हिटी बॅक, रुंद सोल, हलका शाफ्ट, नवी. सासऱ्यांची उन्हाळ्यासाठी बॅगेत राहील, म्हणजे घरातही शांतता. भाच्याला बॅग मोजायला सांगितलीय. हिशोब पंचवीसच्या आत बसतोय, उरले तर तात्यांच्या सल्ल्याप्रमाणे धडे.

एक शंका राहिली. गॅप ४९ ची झाली तर पुढची ५४ घेऊ की ५६ च ठेवू? ५४ ने बंकरमधून निघेल का?

सोलापुरी_सोल

४९ आणि ५४ असं अंतर छान पडतं. बाउन्स १२-१४ असेल तर ५४ ने बंकरमधून आरामात निघतं, फेस थोडा उघडा. पण तुमच्या कोर्सवर बंकरची कड खोल असेल तर ५६ च घ्या. तिथे दोन डिग्री कामाला येतात. पुढच्या शनिवारी ग्रीनजवळच्या बंकरमध्ये उभे राहून बघा, कड गुडघ्याच्या वर आहे की खाली.

बोगीबाज

वर आहे. चांगलीच वर. ५६.